पाणी निवळलं, पण निर्धोक झालं का?



शेवग्याच्या बियांनी पाणी शुद्ध होतं का, हा प्रश्न सध्या पेठ आणि त्र्यंबकच्या बाजूच्या गटांकडून आम्हाला सारखा येतो आहे. कुणी मोबाईलवर व्हिडिओ पाहिलाय, कुणाला सासूबाईंनी सांगितलंय. एका ताईंनी तर सरळच विचारलं, की बी कुटून टाकलं, पाणी काचेसारखं झालं, आता लेकराला पाजू का? याचं उत्तर अर्धं हो आणि अर्धं नाही असं आहे. जुलाब, कावीळ, विषमज्वर हे सगळे त्या अर्ध्या ‘नाही’मध्येच बसलेले आहेत. म्हणून आजचा सगळा वेळ आपण यालाच देणार आहोत.

आधी आपल्या जिल्ह्याचं थोडं बोलू. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सिन्नर-येवल्याकडे 500-600 मिलिमीटर पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात. पण टँकर दोन्हीकडे लागतो! गोदावरी जिथे उगम पावते त्या ब्रह्मगिरीच्या आसपासच्या पाड्यांवर फाल्गुन सरला की विहिरीचा तळ दिसायला लागतो. आपल्याकडचा डोंगर म्हणजे काळा कातळ. त्याच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी मुरतं, बाकीचं उतारावरून धावत जातं. मग बायका दोर धरून विहिरीत उतरतात, वाटीने पाणी भरतात. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या खरशेत गावचा शेंद्रीपाडा आठवत असेल. तास नदीच्या खोल घळीवर आडव्या टाकलेल्या लाकडांवरून डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बायकांचे फोटो साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. 2022 च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल झाला आणि त्याच पावसाळ्यात तो पुरात वाहून गेला.

एवढ्या जिवावरच्या वाटेने आणलेलं पाणी घरात आल्यावर लेकराच्या पोटात विष होऊन जावं, हे आम्हाला पटत नाही.

आता मूळ मुद्दा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की विहिरीचं, ओढ्याचं पाणी गढूळ होतं. त्या पाण्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे माती, ती डोळ्यांना दिसते. दुसरी म्हणजे उन्हाळाभर माळावर, बांधावर, ओढ्याकाठी साचलेली माणसांची आणि गुरांची घाण. तिच्यातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. माती गेली की आपल्याला वाटतं पाणी चांगलं झालं. जंतूंना मात्र माती असली काय आणि नसली काय, फारसा फरक पडत नाही. म्हणून पाण्याचं काम दोन टप्प्यांत करायचं. आधी निवळायचं, मग जंतू मारायचे. हा क्रमही उलटा करून चालत नाही, कारण गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात. मग ऊनही त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि औषधही मातीतच खर्ची पडतं.

निवळण्यासाठी आपल्या आसपास काय काय आहे ते बघा. निवळी नावाचं झाडच आहे. तिचं बी मडक्याच्या आतल्या बाजूला उगाळायचं आणि त्यात पाणी भरून ठेवायचं, ही रीत आपल्या देशात फार जुनी. तुरटीचा खडा हंड्यात फिरवणं तर प्रत्येकीला माहीत आहे. आणि शेवगा. आफ्रिकेत सुदान देशात निळ्या नाईल नदीकाठच्या बायका पुराचं लाल पाणी शेवग्याच्या बियांनीच निवळत आल्या आहेत. त्यांच्याकडून पाहूनच शास्त्रज्ञांनी पुढे त्याचा अभ्यास केला. ज्ञान आधी बायकांकडे होतं, कागदावर नंतर आलं, हे आम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

हे घडतं कसं? पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण एकमेकांना दूर ढकलत राहतात, म्हणून ते खाली बसत नाहीत. शेवग्याच्या बियांमध्ये एक प्रथिन असतं, ते या कणांना चिकटवून त्यांचे गोळे करतं. गोळे जड झाले की तळाला बसतात. बसताना पुष्कळसे जंतूही आपल्याबरोबर ओढून नेतात. म्हणून पाणी पहिल्यापेक्षा बरंच बरं होतं. पण काही जंतू वरच राहतात, आणि तेवढे आजारी पडायला पुरतात.

करायचं असेल तर असं करा. झाडावरच वाळून तपकिरी झालेल्या शेंगांचं बी घ्या. भाजीच्या हिरव्या शेंगांचं चालत नाही. वरची टरफलं आणि पंख काढा, आतला पांढरा गर कुटून बारीक पूड करा. साधारण एक लिटर गढूळ पाण्याला एक बी धरा. पाणी कमी गढूळ असेल तर त्याहून कमी पुरतं. म्हणजे 15 लिटरच्या हंड्याला 10 ते 15 बिया. पूड वाटीभर स्वच्छ पाण्यात कालवून फडक्यातून गाळायची आणि ते दुधासारखं पाणी हंड्यात ओतायचं. मिनिटभर जोरात ढवळायचं, नंतर पाच-दहा मिनिटं अगदी सावकाश. मग तास-दोन तास हंड्याला हात लावायचा नाही. वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढायचं, तळ हलवायचा नाही. हे पाणी त्याच दिवशी वापरून टाकायचं. बियांचा अंश पाण्यात राहतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वास येतो आणि जंतू पुन्हा वाढतात. आणि बी म्हणजे बीच. शेवग्याची मुळी पाण्यात घालायची नाही, ती विषारी असते.

आता फडक्याबद्दल. पाणी गाळून घ्यायला आपल्याकडे प्रत्येक घरी फडकं असतंच, पण ते एकपदरी असतं, तेवढ्याने फारसं काही अडत नाही. बांगलादेशात जुन्या सुती साडीची घडी करून पाणी गाळायचा मोठा प्रयोग झाला. 65 खेड्यांतली लाखावर माणसं त्यात होती. तो 2003 मध्ये छापून आला. गाळून पाणी प्यायलेल्या गावांमध्ये कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. जुनीच साडी का, तर धुऊन धुऊन सुताचे धागे फुगतात, मऊ होतात आणि त्यांच्यामधली भोकं लहान होतात. नव्या साडीपेक्षा म्हातारी साडी या कामाला चांगली! कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात, ते जीव त्या फडक्यात अडकतात. सुटे जंतू मात्र त्यातूनही जातात. म्हणून घडी चार ते आठ पदरी करा, फडकं प्रत्येक वेळी धुवा, कडक उन्हात वाळवा, आणि वरची-खालची बाजू बदलू नका.

गाळण्याचा आणखी एक पुरावा आपल्या म्हाताऱ्यांच्या पायांवर आहे. ज्यांना नारू आठवतो त्यांना विचारा. पायातून हातभर लांब जंत निघायचा, माणूस महिनोनमहिने अंथरुणाला खिळायचा. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरलं की त्यातून तो पसरायचा. महाराष्ट्रातही नारू होता. पाणी फडक्यातून गाळणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, हातपंप बसवणं, या साध्या गोष्टींनी तो गेला. नारूवर लस नव्हती आणि त्याला मारणारं औषधही नव्हतं. 1996 नंतर देशात एकही रुग्ण सापडला नाही, आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

नदीच्या वाळूत झिरा खोदून पाणी भरणाऱ्या बायकांनाही आम्ही सांगू, की तुम्ही करता ते शहाणपणाचं आहे. वाहत्या पाण्यापेक्षा वाळूतून झिरपून आलेलं पाणी चांगलंच असतं. झिरा काठापासून जरा लांब खोदा, पहिलं पाणी उपसून टाका आणि गुरं तिथे येऊ नयेत म्हणून भोवती काटे लावा. तरीही ते पाणी तसंच पिऊ नका.

आता दुसरा टप्पा, जंतू मारायचा. उकळणं सगळ्यांत खात्रीचं. भांड्याच्या काठाला बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे. पाणी खळाखळा उकळलं पाहिजे, आणि तसं एक मिनिट राहू द्यायचं. वीस मिनिटं उकळा असं कुणी सांगितलं असेल तर ते सोडून द्या, त्यात फक्त लाकूड जातं. लाकडाचा प्रश्न आम्हाला कळतो. मोळी आणायला जाणारी बाईच पाणीही आणते. सगळ्या घराचं पाणी रोज उकळा असं आम्ही सांगणार नाही, कारण ते कुणी करणार नाही. पण पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि आजारी माणूस, एवढ्यांपुरतं तरी रात्रीचा स्वयंपाक झाला की त्याच जाळावर उकळून घ्या. थंड होईल तसं झाकून ठेवा आणि त्याच भांड्यातून वापरा. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र उकळलेलंही पाणी द्यायचं नाही. भर उन्हाळ्यात, तोंडाला कोरड पडली असं वाटलं तरी नाही. त्याला लागणारं सगळं पाणी आईच्या दुधात असतं.

लाकूड वाचवायचं तर ऊन आहे. कोल्ड्रिंकची किंवा पाण्याची पारदर्शक प्लास्टिकची बाटली घ्या, दोन लिटरपेक्षा मोठी नको. तिच्या बुडाला त्रिकोणात 1 आकडा असतो. रंगीत नको, ओरखडे पडून पांढरट झालेली नको. आधी निवळलेलं, गाळलेलं पाणी त्यात भरायचं, वरचं लेबल काढून टाकायचं, घट्ट बूच लावायचं आणि बाटली पत्र्यावर आडवी ठेवायची. सकाळी नऊला ठेवली की तीनपर्यंत, पुरे सहा तास. निम्मं आभाळ भरलेलं असलं तरी चालतं. पूर्ण ढगाळ असेल तर सलग दोन दिवस ठेवावी लागते. पाणी पुरेसं निवळलं आहे का हे बघायची सोपी खूण अशी, की भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवायची आणि तोंडातून खाली बघायचं. अक्षरं वाचता आली तर पाणी उन्हाजोगं आहे. नाही आली तर पुन्हा निवळा.

चैत्र-वैशाखात आपल्याकडे उन्हाला तोटा नाही, तेव्हा ही रीत उत्तम. पण खरी गरज आषाढ-श्रावणात असते, आणि तेव्हा त्र्यंबक, इगतपुरीकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. त्या दिवसांत बाटलीच्या भरवशावर राहू नका.

तांब्याच्या घागरीबद्दलही खूप जणी विचारतात. बेंगळुरूच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं, की तांब्याच्या भांड्यात पाणी 16 तास ठेवलं तर त्यातले जुलाब-कॉलऱ्याचे जंतू मरतात. म्हणजे संध्याकाळी भरून सकाळी प्यायचं. आजीची रीत खरी निघाली. पण भांडं आतून चिंच-मीठ लावून घासलेलं आणि नंतर नीट खळबळलेलं हवं. हिरवं चढलेलं नको, आणि आत कल्हई नको. कल्हई असेल तर पाण्याला तांबं लागतच नाही. त्यात ताक, लिंबाचं सरबत ठेवायचं नाही. गावात साथ चालू असेल तर आम्ही तांब्यावर अवलंबून राहणार नाही. तेव्हा एक तर उकळायचं, नाही तर क्लोरीन.

क्लोरीनचा वास आला की अनेक जणी नाक मुरडतात, चहा बिघडतो म्हणतात. पण पावसाळ्यात, साथीत, सगळ्या गावासाठी एकदम करता येण्यासारखं हेच काम आहे, आणि ते ग्रामपंचायतीचं काम आहे. आशाताईंकडे क्लोरीनचे थेंब येतात. बाटलीवर लिहिल्याइतकेच थेंब घाला, ढवळा, अर्धा तास थांबा, मग प्या. विहिरीसाठी टीसीएल पावडर असते. तिचा हिशेब प्रत्येक गटात एकीला तरी यावा म्हणून सांगतो.

1000 लिटरला 5 ग्रॅम, हे प्रमाण पाठ करा. विहिरीत पाणी किती आहे हे काढायला विहिरीची रुंदी मीटरमध्ये मोजा, तिला तिनेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग 785 ने. जेवढं येईल तेवढे लिटर. समजा विहीर 4 मीटर रुंद आहे आणि पाणी 3 मीटर आहे. चार चोक सोळा, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, त्याला 785 ने गुणलं की जवळजवळ 38,000 लिटर. म्हणजे 190 ग्रॅम पावडर. ती तशीच विहिरीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून बादलीने हलवायचं. त्यानंतर अर्धा तास थांबायचं. पावडर ओल लागलेली, उघड्या पोत्यातली, वर्षभर पडलेली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. ती टाकली काय आणि राख टाकली काय, सारखंच.

क्लोरीन पोचलं का, हे ओटी टेस्टने कळतं. नळीतल्या पाण्यात थेंब टाकले आणि पिवळं झालं तर पोचलं. ही तपासणी विहिरीपाशी करून उपयोग नाही. गावाच्या शेवटच्या नळावर, शेवटच्या घरी करायची. बहुतेक ठिकाणी शेवटचं घर कुणाचं असतं हे आपल्याला माहीत आहे.

पाणी निर्धोक झालं, आता ते तसंच राहिलं पाहिजे. दिवसभराची मेहनत एका बुडवलेल्या हातात जाते. अरुंद तोंडाचं भांडं, वर झाकण, आणि घ्यायला लांब दांड्याचं ओगराळं. माठाला तोटी असेल तर उत्तमच. ओगराळं माठावर आडवं ठेवू नका, खिळ्याला अडकवा.

आता एक गोष्ट जी बी, फडकं, ऊन, तांबं, क्लोरीन यांतल्या कशानेच होत नाही. निफाड, दिंडोरीकडे द्राक्षं, टोमॅटो, कांदा यांना खतांचे डोस भरपूर पडतात. खतातलं नायट्रेट पाण्याबरोबर मुरत विहिरीत, बोअरमध्ये उतरू शकतं. त्याला रंग नाही, वास नाही. उकळलं तर ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला असं पाणी मिसळून दिलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. फ्लोराईडचंही तसंच. यवतमाळ, चंद्रपूरकडे त्याने दात पिवळे पडतात, हाडं वाकतात. उकळून, गाळून किंवा क्लोरीन घालून ते निघत नाही. अशा पाण्याची तपासणी करून दुसरा स्रोत शोधणं, हाच रस्ता.

आणि तपासणी आपल्या हातातली आहे. 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचा किट वापरायला शिकवायचं असं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण आहेत? किट कपाटात आहे की वापरात? मैल्याचे जंतू ओळखायची छोटी बाटली असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात घाण आहे असं समजायचं. काळी बाटली सभेत टेबलावर ठेवली की दहा अर्जांपेक्षा जास्त बोलते, असा आमचा अनुभव आहे.

शिवाय कार्ड. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, असं वर्षातून दोनदा गावातल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका जास्त. त्यात विहिरीला कठडा आहे का, भोवती सांडपाणी साचतं का, शोषखड्डा-संडास 15 मीटरच्या आत आहे का, टीसीएलचा साठा आहे का, हे सगळं पाहतात. आपल्या भेगाळ कातळात घाण त्याहूनही लांबून येऊ शकते, म्हणून 15 मीटर हे कमीत कमी धरा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. त्या सभेत हे चार प्रश्न लिहून द्या: आपलं कार्ड कोणत्या रंगाचं, टीसीएल कधी घेतली, जलसुरक्षक कोण, आणि शेवटच्या नळाची ओटी टेस्ट कुठल्या वहीत लिहिली जाते. पाणी घरी निवळणं, उकळणं आपण करूच. पण त्यामुळे पंचायतीचं काम आपल्या अंगावर घ्यायचं नाही.

एवढं करूनही लेकराला जुलाब झालेच तर मीठ-साखरेचं पाणी लगेच सुरू करा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ओआरएसची पुडी असेल तर तीच चांगली. अंगावरचं दूध थांबवायचं नाही. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या आणि जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण द्या. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, मूल पाणी घेईना, किंवा शौचात रक्त दिसलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

पुढच्या वेळी आपण विहिरीचा कठडा आणि शोषखड्डा यांचा खर्च कुठल्या निधीतून निघतो ते बघू. तोवर ज्या गटांनी शेवग्याचं बी जमवलंय, त्यांनी पेरायला थोडं बाजूला काढून ठेवा.